संघाचे रक्षण : उपद्रवी सभासद आणि चालकांचे कर्तव्य



दीक्षा घेतल्यानंतर आपण घरातील जुने देव काढले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि वस्तीत विहार उभारला. विहार उभा राहिला की त्याच्याभोवती माणसे जमतात. समिती निवडली जाते. पौर्णिमेची वंदना, वर्षावासातील ग्रंथवाचन, महिला मंडळ, मुलांचा धम्मवर्ग सुरू होतो. आता तर विहाराचा मोबाइलवरील ग्रुपही असतो. हा जो समुदाय तयार होतो त्याला आपण या पाठापुरते आपला लहानसा संघ म्हणू. भिक्खुसंघ ही वेगळी संस्था आहे, याचे भान ठेवूनच हा शब्द येथे वापरला आहे.

अशा प्रत्येक समुदायात आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. एखादा सभासद दारू पिऊन वंदनेला येतो. एखादा बैठकीत भगिनींना उद्देशून असभ्य बोलतो. एखादा खोटे आरोप पसरवून घराघरांत भांडणे लावतो. एखादा वर्गणीचा हिशेब विचारला की धमक्या देतो. सर्वांना हे दिसते, पण बोलत कोणी नाही. समितीचे अध्यक्ष म्हणतात, "जाऊ द्या, आपलाच माणूस आहे. बाहेर कळले तर समाजाची बदनामी होईल." चिटणीस म्हणतात, "त्याच्या तोंडी कोण लागणार?" आणि कोणीतरी म्हणतो, "आपण बौद्ध आहोत, आपण करुणा ठेवली पाहिजे."

करुणा म्हणजे डोळेझाक करणे काय? तथागतांनी अशा माणसांच्या बाबतीत काय केले? विनयपिटकात याची उत्तरे आहेत. विनय भिक्खूंसाठी सांगितलेला असला तरी माणसांचा समुदाय कसा सांभाळावा याचा धडा त्यातून आपणा गृहस्थांनाही मिळतो. या पाठात आपण तो समजून घेऊ.

उपोसथाची एक रात्र

श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारातील ही घटना आहे. उपोसथाचा दिवस होता. पातिमोक्ख, म्हणजे भिक्खूंचे नियम, ऐकण्यासाठी संघ जमला होता. रात्रीचा पहिला प्रहर संपला. आनंदांनी हात जोडून तथागतांना पातिमोक्ख म्हणण्याची विनंती केली. तथागत शांत राहिले. मधला प्रहर संपला. आनंदांनी पुन्हा विनंती केली. तथागत शांतच होते. शेवटचा प्रहरही संपला, पूर्वेला उजाडू लागले. तिसऱ्या विनंतीनंतर तथागतांनी एवढेच सांगितले की ही परिषद शुद्ध नाही.

महामोग्गल्लानांनी विचार केला आणि सभेत बसलेल्या त्या दुराचारी माणसाला ओळखले. ते त्याच्यापाशी गेले आणि त्याला उठून जाण्यास सांगितले. तो उठला नाही. दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. तेव्हा मोग्गल्लानांनी त्याचा हात धरला, त्याला दाराबाहेर नेले आणि दाराला अडसर घातला.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की एका माणसामुळे सारा संघ रात्रभर थांबून राहिला. जो बसून होता त्याला काहीच झाले नाही. त्रास झाला तो शुद्ध मनाने आलेल्यांना. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या घटनेनंतर तथागतांनी सांगितले की यापुढे ते स्वतः पातिमोक्ख म्हणणार नाहीत, भिक्खूंनीच ते म्हणावे. म्हणजे परिषद शुद्ध ठेवण्याची जबाबदारी त्यांनी संघावर सोपविली. आपल्यातील दोष दूर करायला वरून कोणीतरी येईल, ही आशा त्यांनी ठेवू दिली नाही. याच प्रसंगी त्यांनी समुद्राची उपमा दिली. समुद्र आपल्या पोटात प्रेत राहू देत नाही, ते किनाऱ्यावर आणून टाकतो. संघानेही तसेच करावे.

कीटागिरीत काय झाले?

काशी जनपदात कीटागिरी नावाचे ठिकाण होते. तेथे अस्सजी आणि पुनब्बसु यांचा एक गट राहत होता. (पंचवर्गीय भिक्खूंतील अस्सजी हे वेगळे.) हे लोक भिक्खूंचे चीवर घालत, पण फुलांच्या माळा करून कुलस्त्रियांना पाठवत, त्यांच्यासह एका ताटात जेवत, मद्य पीत, नाचत आणि खेळ खेळत. गावातील लोकांना हळूहळू हेच भिक्खूंचे वागणे वाटू लागले. एकदा एक सदाचारी भिक्खू तेथे भिक्षेसाठी आला. तो खाली दृष्टी ठेवून, शांतपणे चालत होता. लोक म्हणाले, हा कोण मूर्ख? हा तर हसतही नाही, बोलतही नाही. याला भिक्षा कोण घालणार?

एका उपासकाने मात्र त्याला ओळखले. त्याने त्याला घरी नेऊन भोजन दिले आणि एक निरोप दिला. भगवंतांना सांगा, कीटागिरीचा विहार दूषित झाला आहे. पूर्वी ज्यांची श्रद्धा होती त्यांची आता राहिली नाही. चांगले भिक्खू येथून निघून जातात आणि वाईट भिक्खू येथे राहतात.

वाचकहो, या निरोपाचा शेवटचा भाग पुन्हा वाचा. चांगले जातात आणि वाईट राहतात. आपण म्हणतो की कोणालाही दुखवायचे नाही, कोणालाही दूर करायचे नाही. पण चालकांनी काहीच केले नाही तर कोणी दूर होत नाही असे नाही. आपल्या वस्तीत पाहा. ज्या भगिनीचा अपमान झाला ती पुढच्या पौर्णिमेला येत नाही. तिची शेजारीण येत नाही. आई मुलीला धम्मवर्गाला पाठवीत नाही. कोणी तक्रार करीत नाही, कोणी राजीनामा देत नाही. सतरंजीवरची जागा तेवढी रिकामी होत जाते. आणि समिती म्हणते, लोकांत धम्माची आवड उरली नाही! दुर्बलांना बाहेर घालविण्याचा निर्णय समितीने ठराव करून घेतला नव्हता, पण गप्प बसून तिने तोच निर्णय घेतला.

तथागतांनी सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांना कीटागिरीला पाठविले. त्यांनी अडचण सांगितली. ते लोक उग्र आणि उद्धट आहेत, आम्ही हे कसे करावे? तथागत म्हणाले नाहीत की मग राहू द्या. त्यांनी सांगितले की पुष्कळ भिक्खूंना बरोबर घेऊन जा. अध्यक्ष किंवा चिटणीस एकटा त्या माणसापुढे जाण्यास भीत असेल तर यात लाज नाही. त्याने एकटे जाऊ नये, पाच-दहा जणांनी मिळून जावे. भीती खरी असते, पण तिच्यामुळे कर्तव्य टळत नाही.

त्या उपासकाचे नाव ग्रंथात दिलेले नाही. तो कोणी पदाधिकारी नव्हता. तुमच्या-आमच्यासारखा गृहस्थ होता. त्याने तोंड उघडले म्हणून कीटागिरीचा प्रश्न श्रावस्तीपर्यंत पोहोचला.

लपविणे हाही दोष

पातिमोक्खात एक नियम आहे. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष माहीत असूनही जो भिक्खू तो लपवितो, त्याला स्वतःला पाचित्तिय दोष लागतो. म्हणजे पांघरूण घालणाराही दोषी ठरतो. तसेच संघादिसेस नावाच्या गंभीर दोषाबद्दल भिक्खूला जो परिवास भोगावा लागतो, तो त्याने जितके दिवस दोष लपविला असेल तितके दिवस असतो. ज्याने त्याच दिवशी सांगितले त्याला परिवास नाही, केवळ सहा रात्रींचे मानत्त आहे. यावरून विनयाची दृष्टी स्पष्ट होते. दोष घडणे ही एक गोष्ट, तो झाकून ठेवणे ही दुसरी, आणि झाकण्याचे मोजमाप वेगळे होते.

"समाजाची बदनामी होईल" असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. कीटागिरीत बदनामी कशामुळे झाली? निरोप पाठविल्यामुळे नव्हे. निरोप जाण्यापूर्वीच गावाची श्रद्धा गेली होती.

आरोप म्हणजे पुरावा नव्हे

येथे दुसरी बाजूही तितक्याच काळजीने पाहिली पाहिजे. उपद्रवी माणसाला आवर घालण्याच्या उत्साहात निर्दोष माणसाचा बळी जाऊ शकतो.

राजगृहाच्या वेळुवनात दब्ब मल्लपुत्त नावाचे भिक्खू होते. आलेल्या भिक्खूंना राहण्याची जागा नेमून देणे आणि भोजनाची निमंत्रणे वाटून देणे हे काम संघाने त्यांच्याकडे सोपविले होते. म्हणजे ते एक प्रकारे संघाचे व्यवस्थापकच. एकदा मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्खूंना एका घरी निकृष्ट भोजन मिळाले. त्यांना वाटले, हे दब्बांनीच मुद्दाम केले. सूड म्हणून त्यांनी एका भिक्खुणीला दब्बांवर दुराचाराचा आरोप करायला लावले.

तथागतांनी काय केले? त्यांनी संघ एकत्र बोलाविला आणि सर्वांसमक्ष दब्बांना विचारले. दब्ब म्हणाले, मी कसा आहे हे भगवंतांना ठाऊक आहे. हे उत्तर तथागतांनी स्वीकारले नाही. केले असेल तर केले म्हण, केले नसेल तर नाही म्हण, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. चांगल्या माणसालाही त्याच्या नावलौकिकावर सोडले नाही. त्याने समोर उभे राहून सरळ उत्तर द्यावे, हा नियम त्याच्यासाठीही होता. दब्बांनी स्वच्छ नकार दिला. मग आरोप करविणाऱ्यांची चौकशी झाली आणि त्यांनी आपले कारस्थान कबूल केले.

विनयात वाद मिटविण्याचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला सम्मुखाविनय. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो हजर, संघ हजर, नियम हजर. पाठीमागे निकाल नाही. निर्णय घेताना समर्थ भिक्खूने संघापुढे ञत्ति म्हणजे प्रस्ताव मांडायचा. गंभीर प्रकरणात त्यानंतर तीन वेळा घोषणा करायची आणि ज्याला मान्य नसेल त्याला बोलण्याची संधी द्यायची. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बौद्ध संघांतील या कार्यपद्धतीचा गौरवाने उल्लेख केला होता. प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव हे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाला सांगितले. मग आपल्या विहार समितीने चावडीवर कुजबुजून निर्णय घ्यावा काय?

बहिष्कार आणि विनय यांतील भेद

आता एक अवघड प्रश्न घेऊ. पुष्कळ बंधू म्हणतात, "आपण पिढ्यान्पिढ्या बहिष्कार सोसला. आता आपणच आपल्या माणसाला दूर करायचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. बहिष्काराची आठवण आपल्या रक्तात आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा होते, आणि १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव बहिष्कृत भारत होते. गावाने पाणी बंद करावे, दुकानदाराने मीठ देऊ नये, शेतावर काम मिळू नये, हे आपल्या आजोबांनी पाहिले. जातपंचायतीही हेच करीत. एकाने नियम मोडला की त्याच्या बायकामुलांसह सारे घर वाळीत.

विनय याच्या नेमका उलट आहे. तो भेद समजण्यासाठी लिच्छवी वड्ढाची गोष्ट पाहा. वड्ढ हा गृहस्थ होता. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या चिथावणीवरून त्यानेही दब्बांवर आपल्या पत्नीसंबंधी खोटा आरोप केला. चौकशीत तो खोटा ठरला. तेव्हा संघाने वड्ढाविरुद्ध पात्र पालथे केले. याचा अर्थ इतकाच की भिक्खू त्याच्या घरची भिक्षा घेणार नाहीत. त्याचे पाणी तोडले नाही, त्याच्या आप्तांना त्याच्याशी बोलण्यास मनाई केली नाही. ही बातमी सांगण्यासाठी आनंद स्वतः त्याच्या घरी गेले. ती ऐकून वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. त्याच्या मित्रांनी आणि आप्तांनी त्याला धीर दिला. तो ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी तथागतांकडे गेला, पायांवर डोके ठेवून त्याने चूक कबूल केली. तथागतांनी ती कबुली स्वीकारली आणि संघाने पात्र पुन्हा उलथे केले. प्रकरण तेथे संपले.

आता भेद मांडून पाहू.

१. बहिष्कार माणसावर असतो, विनयाची कारवाई कृत्यावर असते.

२. बहिष्कार पूर्ण घरावर पडतो, कारवाई त्या एका माणसापुरती असते.

३. बहिष्कार पोट आणि पाणी तोडतो. विनयातील कारवाई काही विशिष्ट व्यवहारापुरती असते. कीटागिरीच्या गटालाही कीटागिरीत राहण्यास बंदी केली, संघातून काढून टाकले नाही.

४. बहिष्कार पाठीमागे ठरतो, कारवाई तोंडासमोर होते.

५. बहिष्काराला शेवट नसतो. कारवाई कशी उठेल हे ती करतानाच ठरलेले असते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तेव्हा कोणत्याही विहार समितीने कोणाच्या लग्नाला जाऊ नका, मयताला जाऊ नका, त्याच्याशी बोलू नका असा फतवा काढू नये. ते बेकायदा आहे, आणि धम्माच्याही विरुद्ध आहे. दारू पिऊन येणाऱ्याला वंदनेला बसू न देणे, हिशेब न देणाऱ्याकडून कोषाध्यक्षपद काढून घेणे, भगिनींचा अपमान करणाऱ्याला बैठकीत काही काळ येऊ न देणे, हे चालकांच्या अधिकारातले आणि कर्तव्यातलेही आहे.

चालकाच्या मनाची परीक्षा

कीटागिरीच्या गटाने कारवाई झाल्यावर आरडाओरड केली. त्यांनी सारिपुत्त-मोग्गल्लानांवर आरोप केला की हे पक्षपाती आहेत. आजही असेच होते. म्हणून चालकाने आधी स्वतःची परीक्षा करावी. सिगालोवाद सुत्तात, ज्याला गृहस्थांचा विनय म्हणतात, चार अगती सांगितल्या आहेत. माणूस चार कारणांनी वाकड्या मार्गाला जातो. छंदामुळे, म्हणजे आपल्या आवडीच्या माणसाला सांभाळून घेण्यासाठी. द्वेषामुळे, म्हणजे जुने वैर काढण्यासाठी. मोहामुळे, म्हणजे नीट न समजून घेता. आणि भयामुळे.

समितीच्या बैठकीपूर्वी प्रत्येकाने हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हा माझा मेहुणा असता तर मी हेच म्हटले असते काय? हा माझ्या विरोधी गटातला नसता तर? मी दोन्ही बाजू ऐकल्या काय? मी केवळ भीतीने गप्प आहे काय?

दोष दाखविणाऱ्यासाठीही विनयात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, सौम्य बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीचित्ताने बोलावे. भर सभेत ओरडून पाणउतारा केल्याने दोष जात नाही, माणूस मात्र कायमचा शत्रू होतो.

मोबाइलवरील ग्रुपचे काय?

आजकाल बरीचशी भांडणे विहारात होत नाहीत, मोबाइलवर होतात. ग्रुप चालविणाऱ्याला ॲडमिन म्हणतात. तो म्हणतो, मी फक्त नंबर जोडले, कोण काय लिहितो त्याला मी काय करू?

कायद्यापुरते त्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. विदर्भातील एका प्रकरणात, व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाने एका भगिनीविषयी अश्लील शब्द वापरले, ॲडमिनने त्याला काढले नाही आणि माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला की समान हेतू किंवा पूर्वी ठरवून केलेला कट असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येणार नाही. न्यायालयाने असेही पाहिले की सभासद घेणे आणि काढणे एवढाच मुख्य अधिकार त्याच्या हाती असतो.

पण बंधूंनो, जेथे कायदा शिक्षा करीत नाही तेथे शील संपते काय? दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आपण आधी अडवू शकत नाही हे खरे. तो शब्द वाचल्यानंतर आपण काय करतो, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. दोनशे माणसांसमोर एका भगिनीचा अपमान झाला आणि ॲडमिनने चकार शब्द काढला नाही, तर ती भगिनी त्या मौनाचा अर्थ काय घेईल? तिला वाटेल, दोनशेही जण त्याच्याच बाजूचे आहेत. म्हणून ॲडमिनने निदान एवढे करावे. ताबडतोब त्याच ठिकाणी सांगावे की हे चालणार नाही. मजकूर काढून टाकण्याची सोय आता ॲडमिनला असते, ती वापरावी, पण त्यापूर्वी तक्रारीला लागेल म्हणून त्याची नोंद ठेवावी. ज्या भगिनीचा अपमान झाला तिची स्वतः विचारपूस करावी. लिहिणाऱ्याशी समक्ष भेटून बोलावे. त्याने पुन्हा तसेच केले तर दोन-चार जबाबदार माणसांच्या संमतीने त्याला ग्रुपमधून काढावे आणि कारण सर्वांना थोडक्यात कळवावे.

जे समितीने मिटवू नये

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मारहाण, विनयभंग, बलात्कार, लहान मुलांवरील अत्याचार हे समितीने बसून मिटविण्याचे विषय नाहीत. हे गुन्हे आहेत. बालकांच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. "आपसात मिटवू, पोरीच्या लग्नाचे पाहिले पाहिजे" असे म्हणणारे पंच त्या मुलीचे रक्षण करीत नाहीत, गुन्हेगाराचे करतात. अशा वेळी समितीचे काम एकच. पीडितेबरोबर पोलीस ठाण्यात जाणे आणि शेवटपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहणे.

परतीचे दार

शेवटी छन्नाची गोष्ट. छन्न भिक्खू हट्टी होता, कोणाचे ऐकत नसे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदांना सांगितले की छन्नाला ब्रह्मदंड द्यावा. त्याला जे बोलायचे ते बोलू द्यावे, पण भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. त्याची भिक्षा, चीवर किंवा निवास काढून घेण्याची त्यात आज्ञा नव्हती. शिकवायला बसलेल्यांनी शिकविणे थांबविले, एवढाच तो दंड. ज्याने दीक्षा घेतली होती त्याच्यासाठी तो होता. आपण गृहस्थांनी त्याची नक्कल करून कोणाशी बोलणे टाकू नये, हे वर सांगितलेच आहे.

आनंद कोसंबीच्या घोसिताराम विहारात गेले आणि त्यांनी छन्नाला हा दंड सांगितला. छन्न तेथेच मूर्च्छित पडला. मग तो एकांतात गेला, त्याने स्वतःकडे पाहिले, नेटाने साधना केली आणि अर्हत झाला. परत येऊन त्याने आनंदांना दंड उठविण्याची विनंती केली. आनंदांनी उत्तर दिले की अर्हत्त्व मिळाले त्याच क्षणी तो दंड उठला.

आणखी एक नियम पाहा. संघादिसेस दोषातून शुद्ध झालेल्या भिक्खूला परत घेण्यासाठी किमान वीस भिक्खूंचा संघ लागतो, एकही कमी चालत नाही. संघाच्या सामान्य कार्याला चार पुरतात. माणूस परत येतो तेव्हा तो मागच्या दाराने, कोणाच्या तरी वशिल्याने येत नाही. सर्वांसमोर, सन्मानाने येतो. एकदा योग्य रीतीने मिटलेले प्रकरण पुन्हा उकरून काढणे हाही पातिमोक्खात दोष आहे. म्हणून सुधारून आलेल्या माणसाला आयुष्यभर टोमणे मारू नयेत. ज्याने दारू सोडली आणि सहा महिने नीट वागला, त्याच्या हातात पुन्हा वंदनेची मेणबत्ती द्यावी.

चालकच चुकले तर? कोसंबीचे भिक्खू आपसात भांडू लागले, तथागतांचेही ऐकेनात. दोषी ठरविणारे घाई करीत होते आणि दोषी ठरविलेला हट्ट धरून होता. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी त्यांना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबविले. भिक्खू ताळ्यावर आले आणि समेटासाठी श्रावस्तीला गेले. सामान्य उपासक-उपासिकांच्या हातीही हे बळ आहे. समिती आपण निवडतो. तिने कर्तव्य केले नाही तर सभेत प्रश्न विचारणे आणि पुढच्या वेळी दुसरी माणसे निवडणे, हे आपले काम आहे.

पाठाचे सार

१. उपद्रवी माणसाला एक-दोघांनी प्रथम एकांतात, मैत्रीने सांगावे.

२. न ऐकल्यास समितीपुढे समक्ष बोलवावे, दोन्ही बाजू ऐकाव्यात, नोंदवहीत लिहावे.

३. ज्याला त्रास झाला त्याची सुरक्षितता आधी पाहावी. चौकशी संपेपर्यंत दोघांना एकत्र बसवू नये.

४. उपाय दोषाएवढाच असावा. त्याची मुदत आणि तो उठण्याची अट त्याच वेळी सांगावी.

५. गुन्हा असेल तर पोलिसांकडे जावे.

६. सुधारलेल्या माणसाला सर्वांसमक्ष परत घ्यावे.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या विहारात पूर्वी येणारे पण आता न येणारे कोण आहेत? त्यांना कधी कोणी कारण विचारले आहे काय?

२. चार अगतींपैकी कोणती अगती आपल्या समितीत अधिक दिसते?

३. कीटागिरीच्या उपासकाच्या जागी आपण असतो तर निरोप पाठविला असता काय?

हा पाठ पौर्णिमेला वाचून दाखवावा. वाचताना सतरंजीवरच्या रिकाम्या जागांकडेही एकदा पाहावे. त्या जागेवर बसणारी भगिनी दूर राहत नाही, दोन गल्ल्यांपलीकडेच राहते. वंदना संपल्यावर समितीच्या दोघी-तिघांनी तिच्या घरी जावे, ती का येत नाही हे तिच्या तोंडून ऐकून घ्यावे आणि पुढच्या पौर्णिमेपूर्वी त्याचा बंदोबस्त करावा.

नमो बुद्धाय! जय भीम!